हट्ट आणि हक्क

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट या तीन हट्टांपुढे कोणाचे काही चालत नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. या जुन्या त्रयीचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही बंद झाले आणि राजहट्ट हा शब्द केवळ अलंकारापुरता उरला. स्त्रीच्या मागण्यांना हट्ट म्हणण्याची सोय गेल्या शतकाने हळूहळू काढून घेतली. वारसा, मतदान, समान वेतन या गोष्टी ती आज हक्क म्हणून मागते, आणि ज्यांना त्या रुचत नाहीत त्यांनाही तोंडाने तरी हक्क हाच शब्द वापरावा लागतो. राहिला तिसरा. मूल जे काही मागेल ते हट्टाच्याच सदरात जमा करण्याची आपली रीत मात्र अजून शाबूत आहे. खेळायला वेळ मागितला तरी हट्ट, मारू नका म्हटले तरी हट्ट, आणि 'हे मी का करायचे ते सांगा' असे विचारले तर तो हट्टाच्याही पलीकडचा उद्धटपणा!

अशा समाजात शाळेच्या तिसरी-चौथीच्या वर्गात बालहक्क शिकवायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दरवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की १४ तारखेचा बालदिन आणि २० तारखेचा आंतरराष्ट्रीय बालहक्क दिन यांच्यामधल्या आठवड्यात शाळाशाळांतून घोषवाक्ये रंगविली जातात, प्रभातफेरी निघते, आणि जगण्याचा, संरक्षणाचा, विकासाचा व सहभागाचा असे चार हक्क मुले पाढ्यांच्या चालीवर म्हणून दाखवितात. पाहुणे समाधानाने मान डोलावतात. या सोहळ्यात सहभागाचा हक्क उच्चारणाऱ्या मुलाला त्या दिवशीचा कार्यक्रम कसा असावा हे कोणी विचारलेले नसते. हक्कांचे पाठांतर करवून घेणे ही एक चमत्कारिक गोष्ट आहे. पाठांतर हे आज्ञापालनाचे रूप, आणि हक्क ही तर आज्ञा करणाऱ्याला विचारावयाची गोष्ट.

तरीही शिकविले पाहिजे, यात शंका नाही. किंबहुना ते आपल्या सरकारने जगाला दिलेले वचन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता संमत केली. तिची एकूण ५४ कलमे आहेत आणि त्यांतील ४२ वे कलम सहसा कोणी वाचत नाही. या संहितेतील तत्त्वे प्रौढांना आणि मुलांना सारखीच ठाऊक होतील अशी तजवीज सरकारांनी करावयाची, असे ते कलम सांगते. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांना तो कळला पाहिजे, असे बंधन कायद्यातच घालून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत. भारत या संहितेत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. त्या आठवड्यात देशाचे सारे लक्ष अयोध्येकडे आणि पाठोपाठ उसळलेल्या दंगलींकडे लागलेले होते. एवढा मोठा करार आपण केला याची वार्ता कित्येकांच्या कानी पडली नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढची तीन दशके मात्र ती सबब चालण्यासारखी नाही.

ही संहिता म्हणजे पाश्चात्त्यांचे खूळ, असा एक आक्षेप शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. १९२४ साली राष्ट्रसंघाने जिनिव्हाचा पाच कलमी जाहीरनामा स्वीकारला. तो इंग्लंडच्या एग्लंटाइन जेब यांनी पहिल्या महायुद्धानंतर उपाशी मरणाऱ्या शत्रुपक्षाच्या मुलांसाठी काम करताना लिहिला होता. १९५९ साली दहा तत्त्वांचा दुसरा जाहीरनामा आला. हे दोन्ही सदिच्छेचे दस्तऐवज होते. त्यांना बंधनकारक कराराचे रूप द्यावे, असा प्रस्ताव १९७८ साली मांडला तो पोलंडने. आणि पोलंडच्या या आग्रहामागे ज्या माणसाची आठवण उभी होती त्याचे नाव यानुश कोरचाक.

कोरचाक हे वॉर्सा शहरातील ज्यू डॉक्टर. वैद्यक बाजूला ठेवून त्यांनी १९१२ पासून एक अनाथालय चालविले. तेथे मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुले, फिर्यादी मुले, आणि आरोपी मूल असो वा मोठा माणूस, कायदा एकच. या न्यायालयासाठी कोरचाक यांनी जी संहिता लिहिली तिची पहिली नव्याण्णव कलमे या ना त्या प्रकारे क्षमा करण्याची आहेत. शिक्षेची कलमे त्यानंतर सुरू होतात. खुद्द कोरचाक यांच्यावरही मुलांनी खटले भरले आणि ते निमूटपणे न्यायालयापुढे हजर राहिले. १९२६ साली त्यांनी मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले. मुलांना हक्क सांगावयाचे म्हणजे काय याचा धडा या माणसाने भाषणाने दिला नाही. मोठ्या माणसाला जाब विचारण्याची जागा त्याने घरातच करून ठेवली.

या कथेचा शेवट आपल्याला परका नाही. नाझींनी वॉर्साच्या ज्यूंना कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबले आणि अनाथालयही तेथे हलविले गेले. १८ जुलै १९४२ रोजी त्या उपाशी मुलांनी एक नाटक केले, ते रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. खिडकीशी बसून बाहेरच्या जगाची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती कथा. नाझींनी त्या नाटकावर बंदी घातलेली होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंका येथील छळछावणीकडे नेण्यात आले. कोरचाक यांना स्वतःचा जीव वाचविण्याची संधी एकाहून अधिक वेळा देऊ करण्यात आली होती. ते मुलांबरोबर गेले. बालहक्कांची कल्पना परकी आहे असे म्हणणाऱ्याने तिच्या जन्मकथेत बंगालमधील एक मुलगा खिडकीशी बसलेला आहे, हे ध्यानात घ्यावे.

परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोरचाक सांगून सुरुवात करावी असे कोणी म्हणणार नाही. सुरुवात त्याच्या हाताशी असलेल्या गोष्टींपासूनच व्हावी लागते, आणि येथे आपल्या शब्दांनी एक अडचण करून ठेवली आहे. 'हक्क' हा शब्द मराठीत आला तो वतनाच्या पोटात बसून. देशमुखाचा हक्क, पाटलाचा मान, बलुतेदाराचा खळ्यावरचा वाटा. हक्क हा जन्माने ठरावीक घराण्याकडे चालत येणारा, आणि म्हणून ज्याच्याकडे तो नाही त्याला दाखविण्याचा. ही छटा अजून पुसलेली नाही. आपल्या मनात हक्क म्हटले की मुजोरी उभी राहते ती यामुळेच. दुसरीकडे कायद्याच्या भाषेने वयात न आलेल्याला 'अज्ञान' ठरविले. वयात आला की तो 'सज्ञान'. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता ज्ञान प्राप्त होते, अशी ही गंमतीदार व्यवस्था! तिच्यात जो अज्ञान त्याला बोलण्याचा अधिकार काय, हा प्रश्न विचारण्याआधीच निकालात निघतो.

गंमत अशी की याच 'अज्ञान' शब्दाशेजारी मुलांना हक्क समजावून देण्याचे एक उत्तम साधन पडून आहे. खेड्यातल्या कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात सातबाराच्या उताऱ्यांवर एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरे आढळतात. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे शेताचा मालक आहे एक लहान मूल, आणि त्याच्या वतीने आई किंवा आणखी कोणी केवळ सांभाळ करीत आहे. जमीन त्या मुलाची आहे. ते पाळण्यात असले तरी त्याची आहे, त्याला 'जमीन' हा शब्द उच्चारता येत नसला तरी त्याची आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकालाही ती विकता येत नाही. शेतकऱ्याच्या घरातील चौथीच्या मुलाला हे चटकन समजते. ज्याच्या नावावर बांध आहे तो बांध काकाने सरकवू नये, एवढे तो जाणतोच. मग शिक्षकाने एवढेच म्हणावयाचे की, जसे शेत तुझ्या नावावर असू शकते तसे शिक्षणही तुझ्या नावावर आहे. तुझे शरीर तुझ्या नावावर आहे. तुझे नाव, तुझा खेळ, तुझे औषधपाणी तुझ्या नावावर आहे. आईवडील, शिक्षक, सरकार हे सगळे पालनकर्ते. भूमिहीनाच्या मुलालाही हे शेवटचे शेत मिळालेले आहे, आणि त्याला तर ते अधिक जोर देऊन सांगितले पाहिजे.

शहरातल्या मुलाला सातबारा ठाऊक नसेल. पण लपंडाव आणि डबा ऐसपैस त्याला, निदान अजून तरी, ठाऊक आहेत. आपल्याकडच्या मुलांच्या खेळांत 'कच्चा लिंबू' नावाची जी संस्था आहे तिचा अभ्यास कोणा विधिज्ञाने केल्याचे ऐकिवात नाही. तो व्हावयास हवा. खेळात सर्वांत लहान असेल तो कच्चा लिंबू. तो खेळतो, धावतो, लपतो, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणा मोठ्या माणसाने घालून दिलेला नाही. मुलांनीच तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे. दुर्बलाला खेळाबाहेर काढावयाचे नाही आणि खेळात घेऊन चिरडावयाचेही नाही, असा तो दुहेरी विचार आहे. बालहक्क संहितेतील संरक्षण आणि सहभाग यांचा मेळ घालताना तज्ज्ञांची जी दमछाक होते ती या नियमाने सहज टाळली आहे. तसेच 'टाइम प्लीज' हे. धापा टाकणाऱ्या, पडलेल्या किंवा रडवेल्या मुलाने हे दोन शब्द उच्चारले की खेळ थांबतो. का थांबविलास, हे नंतर विचारतात. आधी थांबतात. नको असलेल्या गोष्टीला 'नको' म्हणण्याचा अधिकार आणि ते ऐकणाऱ्याचे कर्तव्य मुलाला समजावून द्यावयाचे तर याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

येथून पुढे हट्ट आणि हक्क यांतला भेद मुलांकडूनच काढवून घेता येतो. नवी सायकल हवी, आइस्क्रीम हवे, पिण्याचे पाणी हवे, आजारी पडल्यावर डॉक्टर हवा, रात्री दहापर्यंत दूरदर्शनसंच चालू हवा, वर्गात सर्वांना वाचता येईल अशा जागी फळा हवा. अशी यादी मुलांसमोर ठेवली आणि 'यांतले कोणते प्रत्येक मुलाला मिळालेच पाहिजे?' असे विचारले, की वाद सुरू होतो, आणि तो वाद म्हणजेच धडा. जे मला मिळावे असे वाटते तो हट्ट. जे माझ्याबरोबर शेजारच्यालाही, आणि मला न आवडणाऱ्यालाही मिळालेच पाहिजे, तो हक्क. मुले या व्याख्येपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचतात, पण शिक्षकाने वाट पाहण्याची तयारी मात्र ठेवली पाहिजे. पस्तीस मिनिटांच्या तासात ती तयारी कोठून आणावी, हा शिक्षकांचा प्रतिप्रश्न रास्त आहे, आणि त्याला या लेखात उत्तर नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी प्रतिज्ञा छापलेली असते. परिपाठाच्या वेळी हात पुढे करून मुले ती रोज म्हणतात. पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन त्यांत आहे, आणि ते योग्यच आहे. पण वचन एकाच बाजूने दिले जावे हे कोणत्याही व्यवहारात बरे दिसत नाही. मुलांनी मोठ्यांना दिलेले वचन ते प्रतिज्ञा. मग मोठ्यांनी मुलांना दिलेले वचन कोठे आहे? ते १९८९ च्या संहितेत आहे, आणि आपल्या संविधानातही आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावता येणार नाही, असे २४ वे कलम सांगते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची हमी २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-अ या कलमात घातली. त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. 'ही मोठ्यांची प्रतिज्ञा आहे' असे सांगितले की मुलांना संहिता कळते. 'आंतरराष्ट्रीय करार' म्हटले की कळत नाही.

हक्कांबरोबर कर्तव्ये का सांगत नाही, हा प्रश्न यावर हमखास येतो. बहुतेक वेळा तो प्रामाणिकपणे विचारलेला असतो. हक्क हे नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात, असे महात्मा गांधींचेही मत होते, आणि मोठ्यांच्या राजकारणात त्या मताचे मोल कमी नाही. पण मुलाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. पाळण्यातल्या मुलाने कोणते कर्तव्य बजावले म्हणून त्याला दूध पाजावयाचे? अभ्यास करणाऱ्यालाच न मारण्याचा हक्क, आणि न करणाऱ्याला छडी, असे म्हटले की तो हक्क राहत नाही, बक्षीस होते. कर्तव्य शिकवावेच; पण 'आधी कर्तव्य, मग हक्क' अशी अट घालून नव्हे, तर 'तुझा जो हक्क तोच शेजारच्याचा' या वाटेने. वर्गातल्या दुबळ्या मुलाला चिडविणारा मुलगा त्याच्या हक्काच्या आड येतो, हे कळणे हेच त्याचे पहिले कर्तव्यज्ञान. पालकांना वाटते तशी मुले यामुळे उद्धट होत नाहीत. उद्धटपणा यायचा तो ज्यांना कधीच कोणी ऐकून घेतलेले नाही त्यांच्यात अधिक येतो.

खरी कसोटी लागते ती छडीपाशी. अंगठे धरणे, कोंबडा करणे, उठाबशा काढणे, बाकावर उभे करणे ही आपल्या शिक्षणाची जुनी परिभाषा आहे, आणि वयस्क मंडळी तिच्या आठवणी काढताना काहीशी हळवी होतात. 'आम्ही मार खाल्ला म्हणून माणसे झालो' हा युक्तिवाद तर सर्वत्र ऐकू येतो. मार खाऊनही जे झाले नाहीत, शाळा सोडून गुरांमागे गेले किंवा हॉटेलात कपबशा विसळू लागले, त्यांच्या आठवणी कोणी छापीत नाही, एवढेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाईची तरतूद केली आहे. त्याच कायद्याचे २९ वे कलम मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची आणि मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करण्याची गोष्ट करते. हे १७ वे कलम मुलांना सांगावयाचे की नाही? बालहक्कांचा तास घेणाऱ्या शिक्षकाच्या टेबलावर पट्टी पडलेली असेल, तर त्या तासाचा अर्थ मुले पट्टीकडे पाहून लावतील. साठ मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची, जनगणनेची कामे, वर माहितीचे तक्ते भरून पाठविण्याचा तगादा, अशा स्थितीत संयम सुटणाऱ्या शिक्षकाला समजून घेता येते. पण त्या समजुतीची किंमत तिसरीतल्या मुलाने हातावर वळ घेऊन का चुकवावी, हे कोणालाच सांगता आलेले नाही.

याहून नाजूक विषय शरीराच्या सुरक्षिततेचा. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले, गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा ठरविला, आणि पीडित मुलाची ओळख उघड करण्यास बंदी घातली. त्यानंतर 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हे शाळाशाळांतून शिकविले जाऊ लागले. ते आवश्यक आहे, पण त्यात एक धोका आहे. आपण मुलाच्या हाती नियम देतो आणि नकळत राखणीचे ओझेही त्याच्याच खांद्यावर टाकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेतच दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला तेव्हा त्या मुलींनी आपल्या परीने घरी सांगितले होते. त्यांचा धडा चुकला नाही. त्यानंतर तक्रार नोंदवून घेण्यास जो विलंब लागला तो मोठ्यांचा होता. लोक लोहमार्गावर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि मग यंत्रणा हलली. तेव्हा लहान मुलाला सांगावयाचे वाक्य 'तू ओरड, तू पळ' एवढेच असता कामा नये. 'झाले ते तुझ्या चुकीने नाही, आणि एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांग, ऐकले जाईपर्यंत सांग' हे त्याच्याबरोबरीने आले पाहिजे. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. आज तो सरकारी यंत्रणेकडून चालविला जातो. तो मुलांना पाठ हवा. बालहक्कांच्या विषयात पाठांतराला जागा असलीच तर ती या चार आकड्यांपुरती.

मोठ्यांना ऐकावयास लावणारी मुले आपल्याकडे पूर्वी झालीच नाहीत, असेही नव्हे. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळकरी पोरीने धर्माच्या आणि पेशवाईच्या कारभाराचा जाब विचारला होता. तिला हक्कांची व्याख्या कोणी पढविली नव्हती. लिहिता येऊ लागले आणि ऐकणारा एक शिक्षक भेटला, एवढे पुरेसे झाले. जोतीरावांनीच १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्यावे अशी मागणी केली. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते करून दाखविले. मधल्या काळात गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र कायदेमंडळात बहुमताने पडले. फुल्यांच्या मागणीपासून २००९ च्या कायद्यापर्यंत १२७ वर्षे गेली. हे मुलांना सांगावे, कारण हक्क आकाशातून पडत नाहीत आणि उशीर कसा होतो हे त्यांना आजच कळलेले बरे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. जो हक्क कागदावर आहे आणि समोरच्या मुलाला मिळत नाही, तो त्याला कसा शिकवावयाचा? बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेत ऑगस्टमध्ये शिक्षणाच्या हक्काचा पाठ होतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या लागतात आणि उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. या हिशेबात मूल कोठेच मोजलेले नसते. कोपीवर धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, वाढे गोळा करणे हे त्याचे काम. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली तिने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांची बंदी केली खरी, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली. त्या मुभेच्या फटीतून किती मुले निसटत असतील याचा अंदाज फडावर फिरून आलेल्या कोणालाही करता येईल. साखरशाळा निघाल्या आणि बऱ्याच बंद पडल्या. गावातच मुलांना ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. तिचे पैसे वेळेवर आले तर ती चालते. आजीआजोबा नसलेल्या घरातली मुलगी, विशेषतः दहा-बारा वर्षांची, आईबापांबरोबरच जाते.

तिच्यापुढे उभे राहून शिक्षकाने काय म्हणावे? 'तुला शिक्षणाचा हक्क आहे' एवढेच म्हटले तर ती मनात हसेल, आणि तिचे हसणे बरोबर असेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हाच प्रश्न सोडविताना मुलाला शाळेत आणण्याचा नाद सोडला होता. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यावी, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. हक्क मुलाचा असेल तर चालत जाण्याचे काम शाळेचे, हा विचार त्यांनी कोणतीही संहिता होण्यापूर्वी आचरणात आणला. फडाच्या बाबतीत आज शासनाकडून मागावयाचे ते हेच, आणि कारखान्यांकडूनही. गाळपाच्या टनामागे निरनिराळ्या कपाती करणाऱ्यांना एक शाळा परवडत नाही, हे कोणी गंभीरपणे म्हणू नये.

पण ते होईपर्यंतही त्या मुलीला सांगण्यासारखे काही आहे, आणि ते पोकळ नाही. २००९ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेत खंड पडलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसविले पाहिजे. पाचव्या कलमानुसार एका शाळेतून दुसरीत जाताना मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणाने नव्या शाळेला प्रवेश अडविता येत नाही. चौदावे कलम म्हणते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. पंधरावे म्हणते की वर्षाच्या मध्येच आलेल्यालाही घेतले पाहिजे. या चार कलमांचा मिळून चौथीच्या मुलीला समजेल असा अर्थ इतकाच की, कारखान्याजवळच्या गावात जी कोणती सरकारी शाळा असेल तिच्या दारात कागद न घेता, डिसेंबरात, धाकट्याला कडेवर घेऊन ती उभी राहिली तरी 'तुला घेता येत नाही' असे म्हणण्याची त्या शाळेला मुभा नाही. हे वाक्य तिच्या वहीत, गाड्या लागण्यापूर्वी, तिच्याच अक्षरात लिहून घ्यावे. आणि ज्या शाळेत ती ते घेऊन जाणार आहे तेथील मुख्याध्यापकांनाही ते आधी कोणीतरी वाचून दाखवावे.